साराबाईंचा अ‍ॅलन

भगिनींनो, थोरांच्या मातांविषयी आपण नेहमी ऐकतो. आज मी एका इंग्रज माउलीच्या मुलाची हकीकत सांगते.

साराबाई ट्युरिंग यांचा जन्म मद्रास इलाख्यातील पोदनूरचा. यजमानही तिकडेच सनदी नोकरीत. त्या काळच्या साहेबलोकांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी दोन्ही मुलांना विलायतेत एका दांपत्याकडे ठेवले. धाकटा अ‍ॅलन १९१२ सालचा. आई परत हिंदुस्थानात निघाली तेव्हा तो अवघा सव्वा वर्षाचा होता.

हाच मुलगा पुढे केंब्रिजला गणितात चमकला. १९३६ साली त्याने गणित करणाऱ्या यंत्राची जी कल्पना मांडली, ती आजच्या संगणकाचा पाया ठरली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश उलगडण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्यामुळे विलायतेला धान्य आणणारी किती तरी जहाजे वाचली.

अ‍ॅलनच्या मनाची ओढ पुरुषांकडे होती. तेव्हा तिकडे असे संबंध हा गुन्हा होता. १९५२ साली त्याच्या घरी चोरी झाली. पोलिसांच्या चौकशीत त्याने आपले संबंध कबूल केले आणि फिर्याद देणाराच आरोपी ठरला! तुरुंग नको तर वर्षभर संप्रेरकांचे औषध घे, अशी शिक्षा झाली. सरकारचे गुप्त कामही गेले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्याचा अंत झाला. वय फक्त ४१. आत्महत्या, असा निर्णय झाला. साराबाईंनी मात्र तो अपघातच मानला. सत्तरी उलटलेल्या त्या माउलीने १९५९ साली मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. पण त्याची युद्धातली कामगिरी तेव्हा गुप्तच असल्याने ती त्यात उलगडून सांगता आली नाही.

१९६७ साली इंग्लंडातील तो कायदा सैल झाला. २००९ साली पंतप्रधानांनी क्षमा मागितली, २०१३ साली राणीने माफी दिली आणि २०२१ साली पन्नास पौंडांच्या नोटेवर अ‍ॅलनचे चित्र आले. साराबाई १९७६ सालीच वारल्या होत्या. इंग्रजांनी आपल्याकडे घातलेला तसाच कायदा सज्ञान माणसांपुरता सुटला तो २०१८ साली.

कायद्याला इतकी वर्षे लागली. घराला तेवढी लागू नयेत, असे मला वाटते. आपल्यापैकी कुणाचा मुलगा अडखळत असे काही सांगू लागला, तर त्याला पुरते बोलू द्यावे. जग काय म्हणेल ते मागाहून. आधी आईने ऐकावे.