विश्लेषण : चार्ल्स डिकन्स यांच्या रेल्वे अपघाताचा आधुनिक भयकथेशी संबंध काय?

जुन्या भयकथेत भूत बाहेरून येते आणि नव्या भयकथेत ते माणसाच्या डोक्यातच असते, असा फरक ढोबळमानाने सांगितला जातो. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील भुताची गोष्ट ज्यांनी घराघरांत पोहोचवली, त्या चार्ल्स डिकन्स यांचे आयुष्य पाहिले तर ही विभागणी अपुरी वाटते. १८४३ मध्ये त्यांचे भूत माणसाला वाचवते, तर १८६६ मध्ये त्याच लेखकाचे भूत इशारा देऊनही कोणाला वाचवू शकत नाही. आजची भयकथा या दुसऱ्या भुताच्या जवळची आहे.

भीतीशी ओळख कशी झाली?

डिकन्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्ट्समथ येथे झाला. त्यांना सांभाळणारी दाई झोपण्यापूर्वी भयंकर गोष्टी सांगत असे. लग्न करून बायकांना मारणाऱ्या आणि त्यांचे मांस खाणाऱ्या एका कॅप्टनची गोष्ट त्यांच्या इतकी लक्षात राहिली की, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांनी त्यावर लेख लिहिला. पण खरी भीती १८२४ मध्ये घरात शिरली. कर्ज न फेडल्याने वडिलांची लंडनमधील मार्शलसी तुरुंगात रवानगी झाली. बारा वर्षांचे चार्ल्स थेम्सकाठच्या बूट पॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर बाटल्यांना लेबले चिकटवू लागले. हे दिवस त्यांनी जगापासून लपवून ठेवले. वाचकांना ते कळले ते त्यांच्या मृत्यूनंतर, मित्र जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून.

नाताळ आणि भुते यांची सांगड कशी बसली?

हिवाळ्यातील लांब रात्री शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी सांगण्याची प्रथा इंग्लंडमध्ये जुनीच होती. डिकन्स यांनी तिला छापील रूप आणि बाजारपेठ दिली. १९ डिसेंबर १८४३ रोजी ‘अ ख्रिसमस कॅरोल’ प्रसिद्ध झाले आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळपूर्वीच संपल्या. कंजूष स्क्रूजला भुते त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवतात, तो घाबरतो आणि सुधारतो. इथे भीतीला नैतिक काम आहे. माणूस वेळीच बदलला तर पुढचे टळू शकते, असा विश्वास त्यामागे आहे.

पुढे ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ (१८५०) आणि ‘ऑल द इयर राउंड’ (१८५९) ही साप्ताहिके त्यांनी चालवली. आपल्याकडे दिवाळी अंकांची वाट पाहिली जाते, तशी त्यांच्या नाताळ अंकांची पाहिली जाई. हे अंक कुटुंबात मोठ्याने वाचले जात. त्यामुळे कथा लहान, भाषा संयत आणि रक्तपात बेताचा असे. आजच्या भयकथेशी तुलना करताना हा फरक प्रथम जाणवतो, पण त्याचे कारण लेखकांचा भित्रेपणा नसून वाचनाची ही पद्धत होती.

डिकन्स यांचा भुतांवर विश्वास होता का?

झपाटलेल्या घरांच्या वार्ता ते संशयाने तपासत. मात्र मनाच्या अंधाऱ्या भागाचे त्यांना विलक्षण कुतूहल होते. संमोहनाचा पूर्वज म्हणता येईल असा मेस्मेरिझम ते शिकले आणि इटलीत असताना भासांनी त्रस्त झालेल्या एका परिचित महिलेवर त्यांनी त्याचे प्रयोगही केले. संपादक म्हणूनही त्यांचा कल तिकडेच होता. १८५२ मध्ये एलिझाबेथ गॅस्केल यांनी ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ पाठवली, तेव्हा शेवटी भुते सर्वांना न दिसता फक्त लहान मुलीला दिसावीत, असे त्यांनी सुचवले. गॅस्केल यांनी ते मानले नाही. पण दिसणारे भूत खरे की पाहणाऱ्याचा भास, हा आधुनिक भयकथेचा आवडता प्रश्न त्या सूचनेत आहे.

स्टेपलहर्स्ट येथे काय घडले?

९ जून १८६५ रोजी डिकन्स फ्रान्सहून परतताना फोकस्टनहून लंडनला निघाले होते. केंट परगण्यातील स्टेपलहर्स्टजवळ एका लहान पुलावर दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते. ही गाडी भरती-ओहोटीनुसार रोज वेगळ्या वेळी सुटे आणि मुकादमाने वेळापत्रकातील चुकीची वेळ वाचली. लाल झेंडीवाल्याने एक हजार यार्डांवर उभे राहणे आवश्यक होते, तो ५५४ यार्डांवरच होता. इशारा मिळाला, पण गाडी थांबण्याइतके अंतर उरले नव्हते. १० प्रवासी ठार झाले आणि ४० जखमी झाले.

डिकन्स यांचा डबा पुलावर लटकला. सोबत एलन टर्नन आणि तिची आई होती. त्यांना बाहेर काढून डिकन्स यांनी टोपीत पाणी आणून आणि ब्रँडी पाजून जखमींना मदत केली. काहींनी त्यांच्यासमोरच प्राण सोडले. नंतर लटकत्या डब्यात परत चढून त्यांनी ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीचे हस्तलिखित काढले. चौकशीत साक्ष देणे त्यांनी टाळले. १८५८ मध्ये पत्नीपासून विभक्त झालेल्या डिकन्स यांना टर्ननशी असलेले संबंध उघड होऊ द्यायचे नव्हते, हे त्यामागचे कारण मानले जाते. पुढे काही दिवस त्यांचा आवाज गेला. रेल्वेने प्रवास करताना ते एकाएकी थरथरू लागत, अशी आठवण त्यांच्या मुलांनी नोंदवली आहे.

‘द सिग्नलमन’ वेगळी का?

अपघातानंतर दीड वर्षाने, १८६६ च्या नाताळ अंकात ही कथा आली. खोल खिंडीत, बोगद्याच्या तोंडाशी एकटा काम करणाऱ्या सिग्नलमनला धोक्याच्या दिव्याखाली एक आकृती दिसते. ती दिसली की दुर्घटना घडते. निवेदक त्याला हा डोळ्यांचा दोष असल्याचे समजावतो. सिग्नलमनची अडचण वेगळीच आहे. तारेने धोका कळवायचा तर कारण काय सांगणार? लोक वेडा ठरवतील आणि नोकरी जाईल. शेवटी इंजिनाखाली तोच सापडतो.

या कथेमागे १८६१ मध्ये क्लेटन बोगद्यात २३ जणांचा बळी घेणारा, सिग्नलमधील गोंधळाने झालेला अपघातही असावा, असे अभ्यासक मानतात. स्टेपलहर्स्टची सावली त्याहून जवळची आहे. दोन्हीकडे इशारा आहे, पण त्याचा उपयोग नाही. स्क्रूजसारखे पाप सिग्नलमनने केलेले नाही, तो उलट कर्तव्यदक्ष आहे. म्हणून सुधारून सुटण्याची वाटही त्याला नाही.

आजची भयकथा कुठे उभी आहे?

१९५९ मध्ये शर्ली जॅक्सन यांच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’मध्ये झपाटलेले घर आणि नायिकेचे ढासळणारे मन वेगळे काढता येत नाही. स्टीफन किंग यांच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९७७) हॉटेलातील भुतांना बापाचे व्यसन आणि राग वाट करून देतात. कोजी सुझुकी यांच्या जपानी ‘रिंग’मध्ये (१९९१) शाप व्हिडीओ कॅसेटमधून पसरतो. रोजच्या वापरातील नवे यंत्रच भीतीचे घर होते, जसे सिग्नलमनची घंटा आणि लाल दिवा झाले होते. आज हिंसा अधिक उघडपणे दाखवली जाते, बोली बदलली आहे, पण जबाबदारी अंगावर आणि हातात काहीच नाही, ही सिग्नलमनची अवस्था आजच्या वाचकाला परकी वाटत नाही.

डिकन्स यांचे निधन ९ जून १८७० रोजी, अपघाताला बरोबर पाच वर्षे होत असताना, वयाच्या ५८ व्या वर्षी झाले. मागे राहिलेली ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही रहस्यकादंबरी अपूर्णच आहे.