कोल्हापूरला पोचू न शकलेली डॉक्टर

सीपीआरच्या आवारात गेलं की मला दरवेळी एक बाई आठवते. ती इथं कधी रुजूच झाली नाही! नेमणूक मात्र खरीखुरी होती. डॉ. आनंदीबाई जोशी.

परवा मोठ्या जाऊबाईंना घेऊन तिथं बाकावर बसले होते. त्यांची पाळी जाऊन चार वर्षं झालेली, आणि वर्षभर मधूनच अंगावर जायचं. सांगायची लाज! शेजारणीनं सुचवलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्या गुपचूप चघळत राहिल्या. तपासणी म्हणून नाहीच. शेवटी गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. नंबर येईपर्यंत माझ्या मनात आनंदीबाईच घोळत होत्या.

कल्याणच्या जोशांची ही यमू, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं, तेही वीसेक वर्षांनी मोठ्या, बिजवर गोपाळरावांशी. यमूची आनंदी झाली. बायकोनं शिकलंच पाहिजे हा गोपाळरावांचा हट्ट, आणि त्यापायी हात उगारायलाही ते कमी करत नसत. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला, दहा दिवसांत गेला. ज्या वयात आपण लेकीला पाळीचे दिवस कसे सांभाळायचे ते सांगतो, त्या वयात तिची कूस भरली आणि रिकामीही झाली! पुरुष डॉक्टरपुढं बायका तोंड उघडत नाहीत, म्हणजे डॉक्टर बाईच हवी, हे तिच्या मनानं घेतलं.

गोपाळराव टपाल खात्यात, त्यामुळं बदल्या व्हायच्या. त्यात आपलं कोल्हापूरही आलं. पूर्वी इथं मिशनरी असलेल्या वाइल्डर यांना त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी पत्र लिहिलं. धर्म बदलायची अट दोघांनाही मान्य नव्हती. पण ते पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंच्या वाचनात आलं. ना ओळख, ना पाळख, तरी त्या आनंदीच्या मावशी झाल्या. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याशिवाय बोटीत बसली.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्या कडाक्याच्या थंडीत, साडी आणि शाकाहार सांभाळत तिनं अभ्यास केला. प्रबंधाचा विषय घेतला हिंदू स्त्रियांची बाळंतपणं. ज्या वेदनेतून गेली, तिचाच अभ्यास! मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, बायकांच्या वॉर्डाची जबाबदारी तिच्यावर सोपवली. पण क्षयानं अंग पोखरलं होतं. वर्षअखेरीस ती मायदेशी आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

पुढं डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी याच हॉस्पिटलमध्ये कोल्हापूरच्या बायकांवर उपचार केले. आता तर तालुक्याच्या गावीही लेडी डॉक्टर असते. म्हणजे आनंदीबाईंना हवी होती ती सोय झाली. आपली लाज मात्र तशीच राहिली!

मैत्रिणींनो, लेकीची पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल, तुमच्या अंगावर फार जात असेल, दम लागत असेल, तर रक्त आणि थायरॉईड तपासून घ्या. चाळिशीनंतरचे बदल म्हणून सगळंच सोडून देऊ नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी असे आजार बरे होतात याला भक्कम पुरावा नाही, आणि त्यांच्या भरवशावर गेलेले महिने परत येत नाहीत.

जाऊबाईंचं ऑपरेशन झालंय, पुढचे उपचार चालू आहेत. परवा त्यांनी स्वतः होऊन आपल्या सुनेला विचारलं, तुझी पाळी नीट येते ना गं? त्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच मोठ्यानं विचारला गेला.