दामोदर धर्मानंद कोसंबी : नाणी तोलून इतिहास वाचणारे गणिती

समजा आपल्या बीबीच्या शिवारात नांगरताना एक मडकं लागलं. आत चांदीची जुनी नाणी. ना राजाचं नाव, ना साल, नुसते सूर्य, झाड, प्राणी असे बारीक ठसे. ही नाणी किती जुनी हे कसं ओळखाल? या प्रश्नाला गणिताने उत्तर देणाऱ्या मराठी माणसाची आज ओळख करून घेऊ.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. वडिलांबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. भारतात परतल्यावर बनारस, अलीगढ आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवलं.

संख्याशास्त्राचा सराव करायला त्यांना खरे आकडे हवे होते. ते मिळाले प्राचीन नाण्यांत! ठसे मारलेल्या या नाण्यांना आहत नाणी म्हणतात. १९२४ साली तक्षशिलेच्या भीर टेकडीत अशा हजारावर नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची दोन जवळजवळ कोरी नाणीही होती, म्हणून साठा पुरल्याचा काळ अंदाजे कळत होता.

कोसंबींचा विचार अगदी साधा होता. नाणं हातोहाती फिरतं, घासतं आणि हलकं होतं. पण एका नाण्यावरून काही ठरत नाही, कारण ते टाकसाळीतूनच हलकं निघालेलं असू शकतं. शंभर नाण्यांची सरासरी मात्र सहसा फसवत नाही. जितका काळ चलनात, तितकी सरासरी कमी आणि नाण्या-नाण्यांतला फरक जास्त. मडक्यात पुरलं की हे घासणं थांबतं.

मग काय, एकेक नाणं नाजूक तराजूत तोलायचं, वजन लिहायचं, ठसे नोंदवायचे, पुढचं घ्यायचं. अशी हजारो नाणी त्यांनी तोलली. चलनातली त्या काळची नाणीसुद्धा तोलून आपला नियम पडताळला. यातून एक गंमत कळली. नाण्याच्या मागच्या बाजूचे बारीक ठसे जसे वाढतात, तसं सरासरी वजन उतरत जातं. म्हणजे हे ठसे वेळोवेळी नाणी तपासणाऱ्यांनी मारलेले असावेत. मुकी नाणी बोलू लागली!

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पुण्याच्या परिसरात पायी फिरून त्यांनी दगडी हत्यारं गोळा केली, लेणी आणि ग्रामदैवतं अभ्यासली. १९५६ साली भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज संगणकावर प्रत्येक नाण्याची एक ओळ आणि वजन, ठसे, स्थळ यांचे रकाने केले की सरासरी क्षणात मिळते. कोसंबी हेच हाताने करत होते. पण लक्षात ठेवा, संगणक फक्त भरलेले आकडे मोजतो. साठा वाटून घेतला, आटवला किंवा आम्लाने चकचकीत केला, तर खरं वजन कायमचं गेलं. मग कितीही मोठा संगणक आणा, उपयोग नाही.

म्हणून शेतात असं काही लागलं, तर घासू नका, वाटू नका. जागा लक्षात ठेवा आणि तलाठ्याला, तहसीलदाराला सांगा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेजारी लोणार आणि सिंदखेडराजा असलेल्या आपल्या भागात ही जबाबदारी जरा जास्तच आहे, नाही का?