आठ खणांची पेटी मांडणारे दादोबा

इंग्रजीच्या तासाला ‘प्रिपोझिशन’ आले की आमच्या सीमाभागातली मुले बावरतात. अशा वेळी आम्ही त्यांना दादोबा पांडुरंग तर्खडकरांची गोष्ट सांगतो.

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते पुढे शिक्षक झाले. त्या काळी मराठीची व्याकरणे नव्हती असे नाही. विल्यम कॅरे यांचे व्याकरण १८०५ मध्येच निघाले होते. पण ते इंग्रजीत, परकीयांना मराठी शिकता यावी म्हणून लिहिलेले. मराठी मुलाने आपली भाषा कशातून समजून घ्यावी? ही उणीव दादोबांनी ओळखली आणि १८३६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले.

संस्कृत परंपरेत नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच पदप्रकार होते. दादोबांपुढे लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मरे यांनी शब्दांच्या नऊ जाती मानल्या. त्यांतले ‘आर्टिकल’ मराठीत नाही. ते वगळले की उरतात त्या आठ जाती आपण आजही शाळेत शिकतो : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. इंग्रजीत ‘ऑन’ हा शब्द ‘टेबल’च्या आधी येतो, आपला ‘वर’ मात्र टेबलाला मागून चिकटतो. काम एकच, जागा वेगळी. एवढे कळले की मुलांची निम्मी भीती जाते.

दादोबा केवळ व्याकरणकार नव्हते. १८४४ मध्ये सुरतेला मानवधर्म सभा आणि १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. जातिभेद मोडावा, ही त्यांची तळमळ. शिक्षकांना घडवण्याचे काम त्यांनी केले, पुढे डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. पण व्याकरण सोडले नाही. ते सुधारत राहिले आणि मुलांसाठी लघु व्याकरणही लिहिले. १८८२ मध्ये ते निवर्तले. मराठीचे पाणिनी म्हणून लोक त्यांना ओळखतात.

इंग्रजीचे ज्ञान घेऊन दादोबा मायबोलीकडे वळले. आमच्या मुलांना घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि पोटासाठी इंग्रजी, अशा तीन भाषा सांभाळाव्या लागतात. मराठीचा पाया पक्का असेल तर बाकीच्या दोन भाषा ओझे होत नाहीत. म्हणून पालकहो, मुलांचे मराठी व्याकरण मागे पडू देऊ नका.