हॉपकिन्स यांची दुरुस्ती

जीवनसत्त्वांचा विषय निघाला की फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांचं नाव हटकून येतं. शुद्ध प्रथिनं, पिष्ट पदार्थ, चरबी आणि क्षार एवढ्यावर उंदीर वाढत नाहीत, पण जोडीला थोडंसं दूध दिलं की वाढतात, हे त्यांनी १९१२ साली दाखवलं. मला मात्र हा माणूस आवडतो तो ग्लुटाथायोनमुळे.

जन्म १८६१चा, इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नचा. वडील तान्हेपणीच वारले. सतराव्या वर्षी घरच्यांनी विमा कचेरीत चिकटवून दिलं. तिथे काही ते रमले नाहीत. त्याच सुमारास त्यांनी एका भुंगेऱ्यावर टिपण छापलं. डिवचला की हा किडा मागून कढत फवारा मारतो. त्यामागे हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, हे कळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. गंमत अशी, की हेच पेरॉक्साइड आपल्या पेशींतही प्राणवायू वापरताना सतत तयार होतं. साचलं तर पेशीची नासाडीच!

पुढे रासायनिक तपासनिसाची नोकरी, सत्ताविसाव्या वर्षी वैद्यकीचा अभ्यास आणि १८९८मध्ये केंब्रिज. तिथे १९२१ साली यीस्टमधून त्यांनी गंधक असलेला एक पदार्थ वेगळा काढला. तोच ग्लुटाथायोन. तो दोन अमिनो आम्लांचा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. १९२७मध्ये इतर संशोधकांनी शंका काढली. हॉपकिन्स तेव्हा सर झालेले, वय साठीच्या पुढे. शंका झटकून टाकणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा गाठली, शुद्ध स्फटिक मिळवले आणि १९२९ साली स्वतःच सांगितलं, की आम्लं तीन आहेत. ग्लायसिन आपल्याकडून निसटलं होतं. त्याच वर्षी त्यांना जीवनसत्त्वांसाठी नोबेल मिळालं. मला विचाराल तर मी दुरुस्तीचं पारडं जड मानीन.

१९४७ साली ते गेले. ग्लुटाथायोनचं खरं काम त्यानंतर उलगडलं. १९५७मध्ये लाल रक्तपेशींत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर सापडलं. ग्लुटाथायोन खर्च करून ते पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतं. या विकराला चिमूटभरही नाही इतकं सेलेनियम लागतं, हे कळलं १९७३ साली. मग रिडक्टेज नावाचं दुसरं विकर खर्ची पडलेलं ग्लुटाथायोन पूर्ववत करतं. जेवणं झाली की ताटं घासून पुन्हा मांडणीवर, तसं.

हे घासणं थांबलं तर? काही घराण्यांत जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता जन्मजात, आनुवंशिक असते. मग रिडक्टेजला लागणारी रसद लाल पेशींत अपुरी पडते. एरवी अशा माणसाला पत्ताही नसतो. पण मलेरियावरचं प्रायमाक्विन पोटात गेलं, की लाल पेशी फुटू लागतात, लघवी काळसर होते, कावीळ दिसते. म्हणून हे औषध देण्यापूर्वी रक्ताची ती एक तपासणी करून घ्यायची असते.