बाबा आमटे : वेदनेचे मोल

पायात काटा रुतला की आपण चटकन पाय मागे घेतो. काटा कुठे रुतला हे पाहण्याआधीच पाय मागे आलेला असतो. हे काम कोण करते?

आपल्या पाठीच्या कण्यात हाडांचे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या पोकळीत करंगळीएवढ्या जाडीची आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची एक मऊ दोरी असते. ती मेंदूपासून निघून कमरेच्या वरच्या भागापर्यंत येते. तिला मेरुरज्जू म्हणतात. मेरुरज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. त्यांच्या फांद्या हातापायांच्या बोटांपर्यंत पोहोचतात.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून एक मोठा कालवा निघतो. त्याला फाटे फुटतात आणि त्यांतून शेतांना पाणी मिळते. शरीरात मेरुरज्जू हा कालवा आणि मज्जातंतू हे त्याचे फाटे. फरक एवढाच, की कालव्याचे पाणी एकाच दिशेने वाहते. शरीरातले निरोप मात्र दोन्ही दिशांनी जातात. स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची बातमी काही तंतू आत आणतात. हालचालीचा हुकूम दुसरे तंतू बाहेर नेतात. काटा रुतला तर मेरुरज्जू मेंदूची वाटही पाहत नाही. पाय मागे घेण्याचा हुकूम तो स्वतःच देतो. कालवा फुटला तर पुढची सगळी शेते कोरडी पडतात. एखादा फाटा बुजला तर त्याच्यावरचे शेत सुकते. शरीराचेही तसेच आहे.

ज्यांच्या शरीरातले असे फाटे बुजले होते, त्या माणसांसाठी बाबा आमटे यांनी आपले आयुष्य वेचले. पुढे त्यांच्या स्वतःच्या पाठीच्या कण्यानेच त्यांना दगा दिला. तरी त्यांचे काम थांबले नाही.

बाबांचे पूर्ण नाव मुरलीधर देवीदास आमटे. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घरी जमीनदारी होती. लहानपण लाडात गेले. ते वकील झाले आणि वरोरा येथे वकिली करू लागले. पण गरिबांचे हाल पाहून त्यांचे मन त्या सुखात रमेना. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. १९४६ साली त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी साधनाताई जन्मभर त्यांच्या कामात बरोबरीने राहिल्या.

बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे कष्ट समजावेत म्हणून ते स्वतः डोक्यावर मैल्याची टोपली वाहत असत. एका पावसाळी रात्री काम करताना त्यांना रस्त्याच्या कडेला काहीतरी पडलेले दिसले. तो एक जिवंत माणूस होता. त्याचे नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडली होती आणि जखमांत किडे पडले होते. कोणालाही न भिणारे बाबा त्या रात्री घाबरले आणि घरी पळून आले.

पण घरी त्यांना चैन पडेना. जिथे भीती आहे तिथे प्रेम कसे राहील, हा विचार त्यांना छळू लागला. ते परत गेले. त्यांनी तुळशीरामच्या डोक्यावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले, त्याची सेवा केली. तुळशीराम काही वाचला नाही. परंतु बाबांच्या आयुष्याची दिशा त्या दिवशी बदलली.

कुष्ठरोग समजून घेण्यासाठी बाबा १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत गेले. त्या काळी लोक या रोगाला पापाचे फळ समजत. खरे कारण वेगळे आहे. हा रोग जंतूंमुळे होतो. हे जंतू कातडीत आणि कोपर, मनगट, गुडघा, घोटा यांच्याजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत घर करतात. मज्जातंतू सुजतो, जाड होतो आणि हळूहळू निकामी होतो. मग हुकूम पोहोचत नाही म्हणून बोटे वाकडी होतात. बातमी येत नाही म्हणून हातपाय बधिर होतात.

वेदना नसणे हे आपल्याला सुख वाटेल. पण या रुग्णांचे खरे दुःख तेच आहे. गरम भांडे हातात धरले तरी त्यांना चटका कळत नाही. चपलेत खडा गेला तरी ते चालत राहतात. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते आणि शेवटी बोटे आखूड होतात. वेदना ही शरीराची पहारेकरी आहे. पहारेकरीच गेला तर घर कोण राखणार?

कलकत्त्यात रोगजंतूंवरील प्रयोगासाठी माणसाच्या शरीराची गरज होती. बाबांनी आपले शरीर देऊ केले. जंतू त्यांच्या शरीरात टोचण्यात आले. सुदैवाने त्यांना रोग झाला नाही.

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या माळरानावर बाबांनी आनंदवन सुरू केले. बरोबर साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये होते. जमीन खडकाळ होती. सर्वांनी मिळून विहीर खणली, शेत पिकवले. सुरुवातीला गावातले लोक तिथली भाजी विकत घ्यायला घाबरत. हळूहळू ही भीती कमी झाली. भीक मागणारे हात धान्य पिकवू लागले, कापड विणू लागले, घरे बांधू लागले. पुढे अंध, मूकबधिर आणि अपंग लोकांनाही तिथे आसरा मिळाला.

अति कष्टाचे हे दिवस चालू असताना बाबांना पाठीच्या कण्याचा आजार जडला. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ चकती असते. ती झिजली की मणके जवळ येतात आणि तिथून निघणाऱ्या मज्जातंतूंवर दाब पडतो. मग असह्य कळा येतात. शस्त्रक्रिया झाल्या, कमरेला पट्टा आला. पण बाबांना बसणे कायमचे अशक्य झाले. ते फक्त उभे राहू शकत किंवा आडवे पडू शकत.

त्यांच्या रुग्णांना वेदना कळत नव्हती. बाबांना मात्र ती क्षणभरही सोडत नव्हती. तरीही त्यांनी विश्रांती घेतली नाही. १९७३ साली भामरागडच्या जंगलात, हेमलकसा येथे त्यांनी आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी ते देशाच्या एकतेसाठी भारत जोडो यात्रेला निघाले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते आणि बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर जात होते. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत सुमारे ५००० किलोमीटरचा हा प्रवास होता. १९८५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९८६ साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १९९० साली ते आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी राहायला गेले आणि धरणामुळे विस्थापित होणाऱ्या लोकांच्या बाजूने उभे राहिले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे आनंदवनाच्याच मातीत त्यांचे दफन करण्यात आले.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. कातडीवर बधिर चट्टा दिसताच इलाज सुरू केला, तर मज्जातंतू वाचतात आणि अपंगत्वही टळते. पण रुग्ण भीतीमुळे आणि लाजेमुळे रोग लपवतो, आणि मग उशीर होतो. ही भीती घालवायला औषध पुरत नाही. त्यासाठी दुसऱ्याची वेदना ज्याला कळते असा माणूस लागतो. बाबा असे माणूस होते. ते एकदा घाबरून पळाले, पण परत फिरले, आणि पुन्हा कधी पळाले नाहीत.