जपानला ॲनिमे ट्रिप काढताय? मग डॉक्टरकी सोडून चित्रं काढत बसलेल्या या माणसाच्या गावाला पण जाऊन या

पाच-सहा भिडूंचा ग्रुप असतो. डोरेमॉन बघत शाळा संपलेली, नारुतो आणि वन पीस बघत कॉलेज संपलेलं. मग एक दिवस कोणीतरी ग्रुपवर जपानचा विषय काढतं आणि रात्रीत यादी तयार होते. अकिहाबाराची दुकानं, नाकानो ब्रॉडवेमधली जुनी मांगा पुस्तकं, मिताकाचं घिबली म्युझियम (त्याची तिकिटं आधीच काढावी लागतात, दारात मिळत नाहीत, हे ज्याच्याकडे बुकिंगचं काम आहे त्यानं लिहून ठेवा).

सगळं असतं. फक्त ताकाराझुका नसतं.

ओसाकाच्या उमेदा स्टेशनवरून हान्क्यू कंपनीची लोकल पकडली की साधारण अर्ध्या-पाऊण तासात हे गाव येतं. स्टेशनवरून चालत दहा मिनिटांवर एक म्युझियम आहे. १९९४ साली सुरू झालेलं. ते ज्या माणसाचं आहे तो नसता, तर तुमची यादी निम्मी रिकामी असती. ॲनिमे बनवणाऱ्यांना तुटपुंजा पगार मिळतो अशा बातम्या येतात, त्याचं खापरही बरेच जण याच माणसावर फोडतात.

त्याचं नाव ओसामू तेझुका. जपानमध्ये त्यांना मांगाचा देव म्हणतात.

जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाका प्रांतातल्या तोयोनाकाचा. पण लहानपण सगळं ताकाराझुकात गेलं. आता हे गावही भारी आहे. हान्क्यू रेल्वेच्या मालकाला आपल्या गाडीला प्रवासी मिळावेत म्हणून काहीतरी आकर्षण हवं होतं. त्यानं इथं फक्त मुलींची नाटक कंपनी काढली. १९१४ साली तिचे खेळ सुरू झाले. पुरुषांची कामंही बायकाच करायच्या, आजही करतात. ओसामूची आई त्याला हे खेळ बघायला घेऊन जायची. रंगमंचावरच्या त्या नट्या, भडक मेकअपमुळे मोठे मोठे दिसणारे डोळे, पुरुषी कपड्यातली राजकुमारी, हे सगळं पोराच्या डोक्यात बसलं. पुढं १९५३ साली त्यानं 'प्रिन्सेस नाइट' काढली, राजकुमाराच्या वेशात तलवार चालवणाऱ्या राजकन्येची गोष्ट. मुलींसाठीच्या मांगाला तिथून वेगळंच वळण लागलं. ॲनिमेतल्या पात्रांचे डोळे एवढे मोठे का असतात, हा प्रश्न प्रत्येक फॅनला घरच्यांनी एकदा तरी विचारलेला असतो. त्याचं अर्धं उत्तर या थिएटरात आहे. उरलेलं अर्धं डिस्नेमध्ये.

कारण घरात वडिलांनी छोटा प्रोजेक्टर आणलेला होता. त्यावर डिस्नेची कार्टून आणि चॅप्लिनचे सिनेमे लागायचे. आई मांगा वाचून दाखवायची, तेही प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढून. शाळेत मात्र कुरळे केस आणि चष्मा यावरून पोरं त्याला पिडायची. मग त्यानं दोन गोष्टींचा नाद धरला, चित्रं आणि किडे. ओसामुशी नावाचा एक भुंगेरा असतो, त्याच्यावरून त्यानं आपल्या नावाला किडा या अर्थाचं अक्षर जोडून टाकलं. तेच टोपणनाव आयुष्यभर राहिलं.

मग युद्ध आलं.

शाळकरी पोरांना कारखान्यात जुंपलं जात होतं, ओसामूलाही ओसाकाच्या एका कारखान्यात पाठवलं. तिथंही तो लपून चित्रं काढायचा. जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा तो पहाऱ्याच्या मनोऱ्यावर होता. वाचला. खाली उतरून योदो नदीच्या बांधापर्यंत गेला तर तिथं प्रेतांचा खच होता. दोन महिन्यांनी युद्ध संपलं. त्या रात्री तो उमेदाला गेला आणि कित्येक काळानंतर शहरातले दिवे लागलेले त्यानं पाहिले. आपण जगलो, आता चित्रं काढली तर कोणी अडवणार नाही, हे त्याला तेव्हा कळलं. तुम्ही ताकाराझुकाची गाडी पकडणार ते हेच उमेदा.

पण घरच्यांच्या अपेक्षा जपानमध्येही आपल्यासारख्याच. पोरगा ओसाका विद्यापीठात मेडिकलला गेला. युद्धात दोन्ही हातांना झालेला जंतुसंसर्ग एका डॉक्टरनं बरा केला होता, तेव्हापासून त्याला या पेशाबद्दल आदर होता असं सांगतात. पहिल्याच वर्षी, जानेवारी १९४६ मध्ये, त्याची चार चौकटींची मांगा मुलांच्या एका वर्तमानपत्रात सुरू झाली. वय १७. आणि १९४७ साली आली 'न्यू ट्रेझर आयलंड'. शिचिमा साकाई या जुन्या चित्रकाराबरोबर केलेलं पुस्तक, ओसाकात छापली जाणारी लाल मुखपृष्ठाची स्वस्त पुस्तकं असायची त्यातलं. युद्धानं कंगाल झालेल्या देशात ते चार लाखांच्या आसपास खपलं असं सांगितलं जातं.

त्यात असं काय होतं? सुरुवातीलाच एक पोरगा गाडी हाणत बंदराकडे निघालाय. आधीच्या मांगामध्ये हे एका चौकटीत उरकलं असतं, तेही नाटकाच्या स्टेजसारखं समोरून. इथं गाडी पानांमागून पानं पळते. कधी लांबून दिसते, कधी एकदम जवळून, कधी बाजूनं. म्हणजे कागदावर सिनेमा. गावोगावच्या पोरांनी ते वाचलं आणि त्यातल्या एकानं पुढं डोरेमॉन काढला. त्यांच्याकडे येतोच.

तेझुका डॉक्टर झाले. १९५२ मध्ये त्यांनी डॉक्टरकीची सरकारी परीक्षाही पास केली. पण डॉक्टरकी की मांगा हा प्रश्न त्याआधीच सुटला होता. त्यांनी आईला विचारलं होतं आणि आईनं मनापासून जे आवडतं ते कर असं सांगितलं होतं. त्या काळात, कमाईचा भरवसा नसलेल्या धंद्यासाठी, डॉक्टर झालेल्या पोराला. तरी पठ्ठ्यानं अभ्यास सोडला नाही. १९६१ मध्ये त्यांनी नारा मेडिकल युनिव्हर्सिटीतून डॉक्टरेट मिळवली, विषय होता गोगलगायीच्या शुक्रपेशी.

टोकियोत आल्यावर १९५३ मध्ये ते तोकिवा-सो नावाच्या लाकडी चाळीसारख्या इमारतीत राहायला गेले. वर-खाली खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास सगळ्यांना मिळून. पुढच्या वर्षी त्यांनी खोली सोडली, तेव्हा तिथं गावाकडून आलेले दोन तरुण राहायला आले. त्यांच्याकडे डिपॉझिटचे पैसे नव्हते. तेझुकांनी आपलं डिपॉझिट तसंच ठेवून दिलं. ते दोघं म्हणजे फुजिको फुजिओ या जोडनावानं लिहिणारी जोडी. पुढं त्यातल्या एकानं, फुजिमोतोनं, डोरेमॉन काढला. शोतारो इशिनोमोरी, फुजिओ आकात्सुका अशी मोठी नावं याच इमारतीत घडली. मूळ इमारत १९८२ मध्ये पाडली गेली. पण २०२० साली तोशिमा भागात तिची हुबेहूब प्रतिकृती उभारून म्युझियम केलंय, जिने आणि सामायिक स्वयंपाकघरासकट. ओएदो लाइनवरच्या ओचिआई-मिनामी-नागासाकी स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. ग्रुपमधल्या मुंबईकरांना चाळ समजावून सांगावी लागणार नाही.

या काळात तेझुका एकाच वेळी पाच-सहा मासिकांत काढत होते. १९५० मध्ये 'जंगल एम्परर' हा पांढऱ्या सिंहाचा मांगा सुरू झाला, १९५२ मध्ये 'ॲस्ट्रो बॉय'. वेळेवर काही मिळायचं नाही. वेगवेगळ्या मासिकांचे संपादक त्यांच्या घरी मुक्काम ठोकून बसायचे, आपली पानं आधी मिळावीत म्हणून भांडायचे. कधी कधी तर त्यांना हॉटेलात कोंडून घालायचे.

आता येतो मुख्य विषय. १९६०-६१ पर्यंत तेझुका जपानमधले सगळ्यात जास्त कमावणाऱ्या मांगा कलाकारांत होते. तो पैसा त्यांनी घातला लहानपणीच्या स्वप्नात. मुशी प्रॉडक्शन नावाचा ॲनिमेशन स्टुडिओ काढला आणि ठरवलं की दर आठवड्याला अर्ध्या तासाचं कार्टून टीव्हीवर दाखवायचं. धंद्यातल्या लोकांना हे वेड वाटलं. डिस्नेच्या पद्धतीनं गेलं तर एका सेकंदाला १२ ते २४ चित्रं लागतात. एवढी माणसं नव्हती, पैसा नव्हता, वेळ तर अजिबातच नव्हता.

मग जुगाड सुरू झाला. सेकंदाला आठच चित्रं. पात्र बोलताना फक्त तोंड हलवायचं, बाकी चेहरा स्थिर. चित्र एकच ठेवून कॅमेरा सरकवायचा. ॲस्ट्रो उडताना एकदा काढला की ती चित्रं जपून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा वापरायची. आज एखाद्या मारामारीत हिरो हवेत थिजलेला असतो आणि मागं फक्त रेघा पळत असतात ना, तो या काटकसरीचाच वारस.

१ जानेवारी १९६३ ला 'ॲस्ट्रो बॉय' फुजी टीव्हीवर आला आणि देश वेडा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून अमेरिकेतही दिसायला लागला. १९६६ च्या शेवटापर्यंत १९३ भाग झाले.

पण हिशोब ऐका. एका भागाचे चॅनेलकडून साधारण साडेपाच लाख येन घेतले गेले असं सांगतात, आणि खर्च त्याच्या कितीतरी पट होता. तेझुकांचा विचार साधा होता. भाव कमी ठेवला तर दुसरं कोणी या धंद्यात लगेच उतरणार नाही, आणि तूट आपण मांगाच्या कमाईतून भरून काढू. चॉकलेटच्या डब्यात ॲस्ट्रोचे स्टिकर घालून आणि खेळणी विकून पैसाही भरपूर आला. मात्र दुसरे स्टुडिओ उतरलेच. आणि चॅनेलवाल्यांनी त्यांनाही तोच भाव दाखवला, त्यांच्याकडे ना ॲस्ट्रो होता ना मांगाची कमाई.

तेझुका गेले त्याच वर्षी हायाओ मियाझाकींनी यावर उघड लिहिलं. मांगाकार म्हणून ऋण मान्य केलं, पण ॲनिमेशनचा भाव पाडून ठेवल्याबद्दल झोडपलं. आमच्या मते मियाझाकींचं म्हणणं निम्मं खरं आहे. पहिला भाव तेझुकांनी पाडला हे खरं. पण त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत पगार त्या काळाच्या मानानं बरे होते, आणि तो भाव पुढची साठ वर्षं तसाच दाबून ठेवायला तेझुका थोडेच जिवंत होते?

फटका त्यांनाही बसलाच. साठच्या दशकाच्या अखेरीला मोठ्या वाचकांसाठीच्या काळ्या, वास्तववादी मांगाची लाट आली आणि तेझुका जुने वाटायला लागले. १९७१ मध्ये त्यांनी स्टुडिओचं अध्यक्षपद सोडलं, १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शनचं दिवाळं वाजलं. कर्ज त्यांच्या डोक्यावर आलं. वय ४५, आणि संपलेला माणूस म्हणून सगळे बघत होते.

त्याच नोव्हेंबरमध्ये एका साप्ताहिकात त्यांची छोटीशी मालिका सुरू झाली. निरोपाचं काम समजूनच ती दिली होती असं म्हणतात. चेहऱ्यावर टाके, अर्धे केस पांढरे, लायसन नसलेला आणि अव्वाच्या सव्वा फी मागणारा सर्जन, नाव 'ब्लॅक जॅक'. मेडिकलची सगळी वर्षं इथं कामाला आली. मालिका दहा वर्षं चालली.

याच काळात 'बुद्ध' चालू होतं, १९७२ ते १९८३. इंग्रजीत त्याचे आठ खंड आहेत. ते कपिलवस्तूच्या राजपुत्रापासून सुरू होत नाही. आधी येतात छाप्रा हा गुलाम पोरगा आणि तत्ता हा जातीबाहेरचा पोरगा, दोघंही तेझुकांनी कल्पनेतून घडवलेले. जात ही गोष्ट इथं पहिल्या पानांपासून आहे. आपल्याकडच्या वाचकानं तेझुकांची सुरुवात इथून केली तरी चालेल.

आणि मुशीतून बाहेर पडलेली माणसं? त्यातल्या काहींनी १९७२ मध्ये मॅडहाउस काढलं, ज्यांनी पुढं 'डेथ नोट' आणि 'फ्रिरेन' बनवलं. काहींनी त्याच वर्षी सनराइजची पायाभरणी केली, जिथं 'गुंडम' घडला. 'गुंडम'चे योशियुकी तोमिनो 'ॲस्ट्रो बॉय'वर काम शिकलेले.

१९८८ मध्ये तेझुकांना पोटाचा कर्करोग निघाला. त्या काळच्या जपानी रीतीप्रमाणे रुग्णाला हे सांगितलं गेलं नाही, रुग्ण स्वतः डॉक्टर असूनही. त्यांना कितपत कळलं होतं कोण जाणे, पण तेव्हा ते काढत असलेल्या 'निओ फाउस्ट'मध्ये पोटाच्या कर्करोगाचा एक रुग्ण आहे, ज्याच्यापासून त्याचा आजार लपवला जातोय. हॉस्पिटलच्या पलंगावरही ते पेन्सिल मागत होते. ९ फेब्रुवारी १९८९ ला गेले. वय ६०. तेव्हा कुठं अनेकांना कळलं की ते वय दोन वर्षांनी वाढवून सांगत होते, बहुतेक लहान वयात छापून आल्यावर लोकांनी गंभीरपणे घ्यावं म्हणून. मागं सुमारे दीड लाख पानं राहिली, आणि 'निओ फाउस्ट' व बेथोवनवरचं 'लुडविग बी' अर्धवट.

तर ट्रिपचं असं करा. ओसाकात असाल तेव्हा एक अर्धा दिवस ताकाराझुकाला द्या, आणि निघायच्या आधी म्युझियमचा सुट्टीचा वार बघून घ्या. टोकियोत सकाळी तोकिवा-सो उरका. तिथून ताकादानोबाबा जवळच आहे. तेझुकांच्या कंपनीचं ऑफिस त्या भागात आहे आणि रेल्वे पुलाखालच्या भिंतीवर त्यांची पात्रं रंगवलेली आहेत. गोष्टीत ॲस्ट्रोचा जन्म ७ एप्रिल २००३ ला याच ताकादानोबाबात होतो. ते खरं वर्ष उजाडलं तेव्हा इथल्या यामानोते लाइनच्या फलाटावर गाडी सुटताना 'ॲस्ट्रो बॉय'ची धून वाजायला लागली. सहाही जणांनी धावत पहिली गाडी पकडू नका, एक गाडी सोडा.